उसण आणि तिचे सल्लागार

ताप आलेल्या माणसाला लोक ‘आराम करा’ म्हणून निघून जातात. कमरेत उसण भरलेल्या माणसासमोर मात्र ते चहा टाकायला सांगून ऐसपैस बसतात. पलंगाखालची चप्पल काढायला मी सकाळी उठल्या उठल्या वाकलो आणि त्याच कोनात राहिलो, ही बातमी तासाभरात इमारतभर झाली. मामा आले ते थेट पलंगावर टाकायची फळी घेऊनच. “पंधरा दिवस हलायचं नाही,” असे त्यांनी बजावले, आणि आयुष्यात प्रथमच कुणाचा तरी वैद्यकीय सल्ला मला मनापासून पटला.

डॉक्टरांनी तो आनंद टिकू दिला नाही. मला उताणे झोपवून, गुडघा न वाकवता, त्यांनी माझा डावा पाय सावकाश वर उचलला, तो अर्ध्यावरही गेला नसेल, तोच कमरेतली कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरली आणि मी जो ओरडलो, त्यावर ते समाधानाने “छान!” म्हणाले.

मग भिंतीवरचा सांगाडा दाखवत त्यांनी हिशेब मांडला: मानेचे ७ मणके (जिराफालाही तेवढेच, हे ऐकून मला उगाच बरे वाटले), पाठीचे १२, कमरेचे ५, आणि खाली त्रिकास्थी व माकडहाड. दोन मणक्यांमधली चकती म्हणजे उकडीचा मोदकच; बाहेर चिवट पारी, आत मऊ सारण. रात्रभर आडवे पडल्यावर ही चकती पाणी शोषून फुगते, म्हणून सकाळी आपण सेंटीमीटरभर उंच असतो आणि नेमके तेव्हाच वाकणे तिला जड जाते. पारीला चीर पडून सारण बाहेर आले की शेजारची नस चिडते. मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ साली हे नाते मांडेपर्यंत या दुखण्याचे खापर भलत्याच गोष्टींवर फुटत असे. माझी चीर कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये असावी, असा त्यांचा अंदाज होता. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, हे त्यांनी सांगितल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

“लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा, एरवी एमआरआयची घाई नको, कारण काहीही न दुखणाऱ्यांच्या चकत्याही त्यात फुगलेल्या दिसतात. बहुतेकांना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. आणि पडून राहू नका, झेपेल तेवढी घरातली कामे करा.” हे शेवटचे वाक्य पत्नीने त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतले. फळी मामांसह परत गेली.

इतके होऊनही शेजारच्या काकूंचा शास्त्रावर विश्वास बसेना. पायाळू माणसाने कमरेत लाथ घातली की उसण उतरते, असे त्यांचे ठाम मत. शोधाअंती इमारतीत एकच पायाळू निघाले: सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांच्याशी पार्किंगवरून माझा जुना वाद आहे. टाकीच्या गळतीला महिनोन्‌महिने दाद न देणारे हे गृहस्थ निरोप मिळताच पायातले बूट काढून दारात हजर झाले. डॉक्टरांची मनाई आहे, असे सांगून मी दार लोटले; पण तेव्हापासून जिन्यात भेटले की ते फार आपुलकीने विचारतात, “कंबर कशी आहे? संकोच करू नका हं, रविवारी मी घरीच असतो.”