'लोखंड लागलं की पसरतो': प्रोस्टेटच्या बायोप्सीबद्दलचा मेसेज तपासून पाहू

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'पीएसए वाढला तरी बायोप्सी करू नका. लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो. एमआरआय काढा, त्यात सगळं दिसतं.' पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन; बायोप्सी म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं.

आधी लोखंड, म्हणजे बायोप्सीची सुई. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण प्रमाण एक टक्क्याच्याही खाली. खरी भीती जंतुसंसर्गाची. सुई गुदद्वारातून गेली तर आतड्यातले जंतू सोबत जातात. म्हणून हल्ली वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून सुई घालतात. लघवीला काही दिवस लाल झाक, वीर्यात काही आठवडे रक्त, एवढं चालतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र उजाडायची वाट बघू नका. जतला असलात तरी रात्रीच निघा.

'एमआरआयमध्ये सगळं दिसतं' हे अर्धं खरं. रिपोर्टवर पाय-रॅड्स 1 ते 5 असा आकडा असतो. 4-5 म्हणजे संशय दाट, निदान नव्हे. जुनी सूज किंवा टीबीसुद्धा कधी हुबेहूब तशीच दिसते. कॅन्सर आहे का आणि किती आक्रमक, हे तुकडाच सांगतो.

आणि एमआरआय स्वच्छ आला तर? 2017 च्या प्रोमिस अभ्यासात 576 पुरुष होते. उपचार लागेल असा कॅन्सर एमआरआयने 93 टक्के रुग्णांत हेरला, जुन्या सोनोग्राफी-बायोप्सीने 48. तरीही स्वच्छ रिपोर्टवाल्या शंभरात अकरा जणांना तो होताच. इथे साधा भागाकार कामी येतो: पीएसए भागिले ग्रंथीचं आकारमान. ग्रंथीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, 0.52 ने गुणा. 5×4×4 म्हणजे सुमारे 42 मिली. पीएसए 7 असेल तर 7 भागिले 42, म्हणजे 0.17. 0.15 च्या वर गेलं की स्वच्छ एमआरआयवरही डॉक्टरांशी बायोप्सीचं बोला. तोच 7 जर 80 मिलीच्या ग्रंथीत असेल तर 0.09, तिथे थांबून पाहता येतं. प्रोस्टेट लहान करणारी फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइडची गोळी चालू असेल तर आधी सांगा. सहा महिने-वर्षभरात त्या गोळीने पीएसए निम्म्यावर येतो आणि हा हिशेबच फसतो.

मेसेजचा राग बहुधा जुन्या पद्धतीवर आहे: ठरलेल्या जागी बारा तुकडे, गाठ सापडली तर सापडली. तो राग रास्त आहे. 2018 च्या प्रिसिजन अभ्यासात 500 जण होते. एमआरआय बघून नेमक्या जागी सुई घातली तेव्हा महत्त्वाचा कॅन्सर 38 टक्क्यांत सापडला, जुन्या पद्धतीने 26. एमआरआय गटातल्या 28 टक्क्यांना सुई लागलीच नाही.

नेमक्या जागी सुई घालण्याची एक पद्धत म्हणजे फ्यूजन. त्यात एमआरआयवर आखलेली गाठ सोनोग्राफीच्या चालू चित्रावर बसवतात. प्रोबने ग्रंथी दबते, रुग्ण हलतो, चित्र दोन-चार मिलिमीटर सरकतं; छोटी गाठ तेवढ्यात हुकते. म्हणून संशयाच्या जागेचे तीन-चार तुकडे घेतात, आजूबाजूचेही.

क्रम चुकवू नका: एमआरआय आधी. बायोप्सीनंतर साचलेलं रक्त निदान सहा आठवडे चित्र बिघडवतं. आणि साताऱ्यात एमआरआय काढून मिरजेला बायोप्सीला येणार असाल तर सीडी घेऊन या. फिल्मवरून फ्यूजनचं मशीन चालत नाही.