दहा किलोचा घण घ्या म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या कोल्हापुरातल्या निम्म्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, शेताची ताल, घराचं जोतं, विहिरीचा कठडा असलं दगडकाम स्वतः करणाऱ्यांसाठी म्हणे. घण जितका जड तितकं काम लवकर, १० किलोच्या खाली घेऊच नका. दांडा लोखंडी पाइपचा, वेल्डिंग मारून. लाकडी ढिला झाला तर रात्रभर पाण्यात टाका. भेग पडली की एक घण भेगेत धरायचा आणि दुसऱ्यानं त्यावर हाणायचं. आणि गॉगल-बिगल फॅड आहे, अंबाबाईचं देऊळ बांधणाऱ्यांनी कुठं लावला होता? लोक "एक नंबर भावा" म्हणून पुढं ढकलतायत, म्हणून लिहायला बसलो.

आधी वजनाचं बघू, कारण सगळी गडबड तिथंच आहे. आपला काळा दगड दाबाला लई घट्ट, पण ताणाला कच्चा, दाब जेवढा सोसतो त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच ताण सोसतो. म्हणजे वरून कुटत बसलात तर तो तुमच्यापेक्षा जास्त दम काढणार. म्हणूनच वडार लोक दगडाची शीर, म्हणजे तो ज्या रेषेत सहज उकलतो ती, बघून एका ओळीत भोकं पाडतात, त्यात पाचरी बसवतात आणि प्रत्येकीवर थोडं थोडं मारत ओळीनं पुढं जातात, परत मागं येतात, एकाच पाचरीवर राग काढत नाहीत, आवाज बदलत जातो तिकडं कान ठेवतात, मग दगड आपणहून सरळ रेषेत उकलतो. तिथं ताण फोडतो, घण नुसता पाचर ढकलतो. आणि हिशोबच करायचा तर वजन दुप्पट केलं की घावाची ताकद दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट, आता १० किलो डोक्यावर नेऊन वेग कुठनं आणणार राव? चार घावांनंतर नेम हलतो आणि मग नडगी सापडते. छिन्नीला १ ते दीड किलोचा हातोडा, पाचरींना २-३ किलोचा, मोठा धोंडा फोडायला ४-५ किलोचा घण, एवढ्यात घरचं काम होतं. एकाच जागी लागोपाठ दहा घाव नीट बसत नसतील तर तो घण तुमच्यासाठी जड आहे, मग तालमीत कितीही जोर मारत असा. आणि गगनबावडा-राधानगरीकडच्या जांभ्याला तर घण लावूच नका, चुरा होतो. तो ताजा असताना मऊ असतो, कापून चिरा काढायचा असतो.

पाइपचा दांडा. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात कोणीही मारून देईल, प्रश्न तो नाही. घणाचं तोंड उष्णता देऊन कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या आगीनं तो कडकपणा उतरतो नाहीतर जोडाशेजारी बारीक तडा जातो, आणि एक दिवस डोकं सुटून जातं ते थेट समोरच्याकडं. शिवाय प्रत्येक घावाचा झटका सरळ मनगटात. बाभळीचा, सरळ रेषांचा, गाठ नसलेला दांडा घ्या. खाणीवर बांबूचा लवणारा दांडा दिसतो तो काय गरिबी म्हणून नाही, झटका हाताला कमी लागावा म्हणून.

पाण्यात भिजवायचा उपाय सकाळी खरा वाटतो. लाकूड फुगतं, भोकात जागा नसल्यानं त्याचे तंतू चेंगरतात, वाळलं की आधीपेक्षा ढिलं. नवीन पाचर ठोका, नाहीतर दांडाच बदला, आणि अधूनमधून जवसाचं तेल चोळा.

घणावर घण हाणायचं लिहिलंय ते वाचून तर डोक्याला हात लावला. दोन्ही तोंडं कडक, त्यामुळं कपची उडते आणि ती गोळीच्या वेगानं जाते. भेगेत पाचर किंवा पहार घाला. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर ग्राइंडरवर ती कड काढून टाका, उडणारे तुकडे बहुतेक तिथलेच असतात. आणि दुसऱ्यानं छिन्नी धरली असेल तर हातात नको, लांब चिमट्यात धरू द्या.

आता देवळाचं. खिद्रापूरचं कोपेश्वर बघून या, ते नक्षीकाम छिन्नी आणि छोट्या हातोड्याचं आहे, १० किलोच्या घणाचं नाही. आणि त्या कारागिरांना गॉगल नव्हता हे खरं, पण त्यातल्या कितींचे डोळे गेले हे कुठल्या शिलालेखात लिहिलंय? उन्हाचा चष्मा चालत नाही, बाजूनंही झाकणारा, मार सोसणारा सेफ्टी गॉगल घ्या. धूळ उडत असेल तर मास्क, आणि दगडावर थोडं पाणी, त्यानं दगड मऊ होत नाही, धूळ बसते एवढंच.

एवढं करूनही डोळ्यात काही गेलंच तर चोळू नका, रुतलेलं उपसायला जाऊ नका, वर कप झाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. लोखंडाचा बारीक कण आत शिरला तर कधीकधी दुखतही नाही, वरून काही दिसत नाही. लोखंडावर लोखंड आपटलं होतं हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, कारण आत कण असताना एमआरआय काढला तर त्या चुंबकानं तो सरकतो आणि डोळा जाऊ शकतो.