नुसता मेंदू काय कामाचा!

टीव्ही मोठा आणला की त्याचा आवाज एकाएकी किरटा वाटायला लागतो. आमच्याकडे हे निदान मेहुण्याने केलं. "भावोजी, तुम्हाला सराउंड प्रोसेसर लागणार," असं म्हणून त्याने मला लॅमिंग्टन रोडला नेलं.

दुकानदाराने पहिल्याच वाक्यात घोळ घातला. "साहेब, प्रोसेसर म्हणजे फक्त मेंदू. डॉल्बी, डीटीएस या पद्धतींत बांधलेला आवाज उलगडून कुठला आवाज कुठल्या स्पीकरला, ते तो ठरवणार. स्पीकर हलवायची ताकद त्याच्यात नाही. त्याला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर वेगळा." नुसतं ठरवायचं आणि काम दुसऱ्याने करायचं, असे एक गृहस्थ आमच्या सोसायटीच्या कमिटीत फुकट मिळतात. त्यासाठी लाखांत पैसे मोजायची माझी तयारी नव्हती. "दोन्ही एकात मिळत नाही का?"

"मिळतो ना, एव्ही रिसीव्हर. पण मग सेपरेटची मजा नाही."

मजा बाजूला ठेवून आकड्यांकडे वळलो. 7.1.4 म्हणजे कानाच्या उंचीवर सात स्पीकर, खर्जाचा एक सबवूफर आणि डोक्यावर चार. हे डोक्यावरचं प्रकरण डॉल्बीच्या अ‍ॅटमॉसचं. थिएटरात ते 2012 साली आलं, घरांत 2014 साली, आणि घरातसुद्धा ते 24.1.10 पर्यंत ताणता येतं म्हणे. सत्यनारायणालाही आमच्या हॉलमध्ये 35 डोकी मावत नाहीत.

घरी येऊन मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. बाजूचे स्पीकर समोरच्या रेषेपासून साधारण 110 अंशांवर हवेत. डावीकडे त्या अंशावर खिडकीचं ग्रिल आलं, उजवीकडे देव्हारा. "देवांच्या कानाशी ढॅणढॅण नको," आईने निकाल दिला. छत फोडायचं नसेल तर आवाज छतावर आपटून खाली आणणारे स्पीकरही मिळतात, पण आमच्या छताखाली पंखा फिरतो.

"आणि यात मालिका कशी ऐकू येईल हो?" बायकोने विचारलं. मेहुण्याने सांगितलं, मूळ आवाज दोनच चॅनेलांत असला तरी यंत्र तो सगळ्या स्पीकरांत पसरवतं. म्हणजे सासू बोलणार मधल्या स्पीकरमधून, आणि तिने मान वळवली की होणारा धडाडधूम चहूबाजूंनी. हे ऐकून आईचा देव्हाऱ्याबाबतचा विरोध बराच मवाळ झाला.

मला मात्र खरी धास्ती बसली ती मेहुण्याच्या घरी. त्याने आधीच एक रिसीव्हर घेतलाय. तो विमानतळाजवळ, पार्ल्यात राहतो. या यंत्रांना खोलीचा स्वभाव समजावून द्यावा लागतो: पुठ्ठ्याच्या मनोऱ्यावर कानाच्या उंचीला माइक उभा करायचा, मग एकेक स्पीकर 'फुईप्' करतो आणि यंत्र प्रतिध्वनी ऐकून हिशेब मांडतं. हे सोफ्यावरच्या आठ जागांहून करता येतं. अट एकच, घरात शांतता हवी. पंखा बंद, फ्रिज बंद, आम्ही सगळे दहावीच्या पेपरला बसल्यासारखे घामाघूम. फुईप्. शेजारच्या कुकरची शिट्टी. पडद्यावर सूचना: आसपासचा आवाज फार आहे. पुन्हा फुईप्. भंगारवाला. मग विमान, अगदी अ‍ॅटमॉसच्या जाहिरातीत असावं तसं डोक्यावरून, पण यंत्राला तेही चालेना.

"रात्री दोनला करतो," मेहुणा म्हणाला. केलं. फुईप् साधारण 75 डेसिबलचं असतं आणि निवासी भागात रात्री दहा ते सहा मर्यादा 45 ची. खालच्या काकांनी नियम वाचला नव्हता, पण वॉचमनला वर पाठवण्यापुरतं त्यांना कळत होतं. थोडक्यात, मुंबईत शांतता असते तेव्हा आवाज करायची सोय नाही, आणि सोय असते तेव्हा शांतता नाही.

बरं, एवढं करून ऐकायचं किती? या यंत्रांच्या व्हॉल्यूमवर शून्य म्हणजे थिएटरची पातळी, सरासरी 85 आणि उसळी 105 डेसिबलपर्यंत. दिवसाची कायदेशीर मर्यादा 55! म्हणून मेहुण्याचं यंत्र कायम उणे 40 च्या आसपास असतं. पैसे रोख आणि आवाज उण्यात, हे माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाच्या पचनी पडायला जड आहे.

तरी एक रिसीव्हर मनात भरला. घोडं अडलं ते शोकेसपाशी. तिची खोली 14 इंच, रिसीव्हर मागच्या वायरींसकट 18 मागतो, शिवाय वर हवा खेळायला जागा. मागची प्लाय कापायला सुतार बोलावला. त्याने माप घेतलं, टेप गुंडाळली आणि म्हणाला, "गणपतीनंतर बघू."

मेहुण्याला कळवलं तर तो खूशच झाला. "बरं झालं भावोजी, तोवर नवीन मॉडेल येईल. आत्ता मुळीच घेऊ नका."