२८ अडथळे, ७ पाण्याचे

आमच्या घरात एक खेळाडू आहे. पगार बँकेचा, बोलणं ऑलिंपिकचं. साताऱ्यात दरवर्षी हिल हाफ मॅरेथॉन असते. २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. ह्यांना त्यासाठी एका सकाळचे अडीच तास लागतात. घरच्यांना ती वर्षभर धावावी लागते.

रविवारी लाँग रन. सोमवारी रिकव्हरी, म्हणजे पाय वर करून टीव्ही. मंगळवारी सिलिंडर आत घ्या म्हटलं, तर उत्तर आलं, "आज लेग डे होता." सिलिंडर हाताने उचलतात, हे मी आता सांगत नाही.

ओवी नऊ वर्षांची. गेली तीन वर्षं ती पुण्याच्या वॉटर पार्कला जाऊ म्हणते आणि दरवेळी आडवा येतो तो लाँग रन. "खेळ आणि घर दोन्ही सांभाळणं सोपं नसतं गं," हे एकदा अगदी दमलेल्या आवाजात म्हणाले. मी म्हटलं, "मेरी कोमला २००७ साली जुळी झाली आणि २००८ साली ती परत जगज्जेती झाली. २०१८ साली सहाव्यांदा झाली, तेव्हा तीन पोरांची आई होती." मग ह्यांनी विराट कोहली काढला. तोही मीच काढणार होते. ॲडलेडला आपण ३६ धावांत गारद झालो, तरी उरलेल्या तीन कसोटी सोडून तो बाळंतपणाला बायकोजवळ आला. तो नसतानाही आपण मालिका २-१ जिंकलो. "तुम्ही एक रविवार आला नाहीत, तर यवतेश्वर काही खचणार नाही."

शेवटी निकाल सासूबाईंनी दिला. त्या माण तालुक्यातल्या, म्हणजे मोहीच्या ललिता बाबरच्या मुलखातल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी आपली बाई ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचली होती. तेव्हापासून आमच्याकडे धावणं म्हणजे ललिताचं, बाकीचं सगळं फेऱ्या मारणं. "आमच्या माणात पाणी न्हाई, तरी पोरगी पाण्यावरनं उड्या मारती," त्या लेकाला म्हणाल्या, "आन् तुला पोरीला पाण्यात न्यायला हुईना व्हय रं?"

स्टीपलचेस ३००० मीटरची. त्यात २८ अडथळे, शिवाय ७ वेळा पाणी. हर्डलला पाय लागला तर ते पडतं. इथला अडथळा पडत नाही, तुम्ही पडता. हे मी त्या दिवशी अंगानं शिकले.

पहाटे पाचला निघायचं ठरलं. एरवी साडेचारला टुणकन उठणारा माणूस त्या दिवशी उठेना, कारण 'रेस्ट डे'. तोवर माझ्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चार जणांचे कपडे होऊन दोन बॅगा दारात आल्या होत्या. आनेवाडीचा टोल, खंबाटकीचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोल, मग पुण्यातली गर्दी. पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि तिकिटाच्या रांगेत निम्मा महाराष्ट्र उभा होता.

फाटकावरच्या रखवालदाराने दशम्या काढून ठेवायला लावल्या. बाहेरचं खाणं चालत नाही. आतला वडापाव केवढ्याला, ते लिहीत नाही, माझ्या आईच्या वाचनात येईल. सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत कंदी पेढे होते. "परसाद हाय," त्या त्याच्या डोळ्यात बघून म्हणाल्या. तो चक्क बाजूला झाला. एवढा एकच अडथळा त्या दिवशी स्वतःहून हलला.

मग सुती कपड्यात पाण्यात जायचं नाही म्हणून भाड्याचा नायलॉन ड्रेस, त्याची अनामत, लॉकर, त्याची वेगळी अनामत. सासूबाई लुगडं सोडून निळ्या ट्रॅकपँटमध्ये आल्या आणि कुणाकडेही न बघता ट्यूबमध्ये बसून वाहत्या पाण्यातून निघून गेल्या. दुपारपर्यंत दर वीस मिनिटांनी आमच्यासमोरून जायच्या, हात हलवायच्या.

मोठ्या घसरगुंडीला १२० सेंटिमीटर उंची लागते. ओवी जरा कमी भरते. मी तिचा अंबाडा उंच बांधला, वर क्लिपा लावल्या. पट्टीजवळच्या मुलाने एक बोट ठेवलं आणि अंबाडा हळूच खाली दाबला. ओवीने माझ्याकडे असं पाहिलं, की उंची मीच चोरली. तिथून उलट फिरून छोट्या घसरगुंडीची रांग धरली. एक तास दहा मिनिटं ऊन, मग वीस सेकंद पाणी. "आई, परत!" असं पाच वेळा झालं. पायऱ्या मोजल्या नाहीत, मोजल्या असत्या तर चढले नसते.

हे कुठे होते? झाडाखाली, बॅगांजवळ. "गुडघा जपतोय." स्मार्ट घड्याळ पाण्याने जाईल म्हणून ते सकाळीच काढलं होतं. आपलं वॉटरप्रूफ आहे, असं विकत घेताना त्यांनीच मला चार वेळा सांगितलेलं. लॉकरला परत पैसे कोण घालणार, म्हणून मी ते माझ्या मनगटाला बांधलं आणि विसरले.

येताना खंबाटकीचा घाट लागला आणि दुसऱ्याच वळणावर ओवीला उलटी झाली. माझ्या मांडीवर. हे सातवं पाणी.

घरी पोचायला अकरा वाजले. झोपण्यापूर्वी ह्यांनी घड्याळ मागून घेतलं, बघून थक्क झाले आणि रनिंगच्या ग्रुपवर टाकलं : 'फॅमिली डे! २३,४१२ पावलं, सुट्टीच्या दिवशीही!' अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी 'खरा खेळाडू' असंही लिहिलं. वाचून दाखवताना ह्यांचा ऊर भरून आला होता.

"घड्याळ काय म्हणतंय बघ, मला ५२ तास विश्रांती हवी."

"कुणाला?"

हे बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मी हात पुढे केला, घड्याळ परत मनगटाला बांधलं आणि दिवा घालवला.

सकाळी दूधवाल्याची बेल वाजली. दोनदा वाजली. मी कूस बदलली, अजून ४५ तास बाकी होते.