म्हणे कोटी भरा, कॅप्टन व्हा!

रविवारी पेडण्याला ताईकडे गेलो, तर टेबलावर हुमणाच्या टोपाशेजारी जमिनीचे कागद. काजूची बाग विकायचं चाललंय. कारण भाच्याच्या मोबाइलवर आलेला मेसेज, जो आता गावभर फिरतोय: 'अनुभवाचे दिवस गेले. विमान ऑटोपायलट चालवतो. एक कोटी भरा, नोकरी पक्की, दोन वर्षांत कॅप्टन.' मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्याकडे जमिनीचे भाव आणि असले मेसेज, दोन्ही वर गेलेत.

सगळ्यात घातक 'नोकरी पक्की'. त्या पैशांत २०० तासांचं उड्डाण होतं, डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या परीक्षा होतात आणि पास झालात तर सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात पडतं. टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान चालवायच्या मंजुरीचे, लाखो रुपये बहुतेकदा वेगळेच. परवाना म्हणजे नेमणूकपत्र नव्हे हो! ओळखीतला एक मुलगा सीपीएल घेऊन कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर उभा राहतो. त्याचं लॉगबुक मी पाहिलंय. शेवटची नोंद सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानाची, पुढची पानं कोरी. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे नुसत्या उपकरणांवर विमान उडवायची मंजुरी, चालू ठेवायचं तर दर वर्षी पुन्हा खर्च, आणि तो बापाच्या खिशातून. मेसेज पाठवणारा तेव्हा कुठे असतो?

'दोन वर्षांत कॅप्टन' सोडूनच द्या. एटीपीएल, म्हणजे कॅप्टनला लागणारा वरचा परवाना, त्यालाच उड्डाणाचे १५०० तास लागतात, आणि डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीसाठी कंपन्या सहसा त्याहून बरेच जास्त मागतात.

ऑटोपायलटवाल्यांनी जुलैच्या पावसात दाबोळी विमानतळावर एकदा उतरून बघावं. ए-३२० सारख्या प्रवासी जेटचं टेकऑफ हातानेच करतात, लँडिंगही बहुतेक वेळा हातानेच.

आता जे खरं ते नाइलाजाने मान्य करतो. आपल्याकडे २०० तासांचा मुलगा टाइप रेटिंग करून जेटच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत कायदेशीरपणे बसू शकतो, आणि तिथवर पोचायला पैसा लागतोच. नुसत्या तासांनीही भागत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ विमान पडून ५० माणसं गेली. त्यानंतर तिथे सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांची अट आली. पण त्या विमानातल्या दोघांचेही तास त्याहून जास्तच होते. तास कशात गेले, कोणाच्या हाताखाली गेले, हे बघायला हवं.

म्हणून अनुभव बिनकामाचा? २०११ च्या जानेवारीत आपल्याच दाबोळीवर एक प्रवासी विमान आधी पुढच्या चाकावर टेकलं. मोठं विमान मागच्या चाकांवर आधी टेकवतात, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. चौकशी झाली, तेव्हा कॅप्टनची एटीपीएलच्या परीक्षेची गुणपत्रिका बनावट निघाली. मग देशभरातले परवाने तपासायला घेतले, आणखी काहींना अटक झाली. कागदाने सगळ्यांना चकवलं होतं, धावपट्टीला नाही.

भाच्याला म्हटलं, आधी डीजीसीएचं मेडिकल करून घे. डोळ्यांत काही निघालं तर बाग तरी राहील. ताईने कागद कपाटात ठेवले. भाचा मात्र चार दिवस झाले, माझा फोन उचलत नाहीये.