हयातीचा दाखला, मामांचा फोटो आणि तुमचे तीन आक्षेप

काका, नमस्कार.

'स्टेटसला काय टाकावं, काय टाळावं' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, आधार, पॅन, मोबाइल नंबर सगळं केव्हाच बाजारात गेलंय, आता झाकून काय उपयोग? शिवाय आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, तिथे सामान्य माणसाच्या पासवर्डची काय कथा. तरी मी दोष त्यालाच देते. आणि शेवटी, ७१ व्या वर्षी दहा पासवर्ड लक्षात राहत नाहीत, त्यात नातीच्या वाढदिवसाचा फोटोही टाकायचा नाही, म्हणजे मी म्हाताऱ्या माणसांना नुसतं घाबरवते. तुम्ही रागावून लिहिलंत, पण मुद्दे खरे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या मुद्द्यासाठी घरातलीच गोष्ट सांगते. माझे मामा सहकारनगरला राहतात. ते निवृत्त झाले तेव्हा मामेभावाने सेवापूर्ती समारंभाचा फोटो फेसबुकवर सगळ्यांना दिसेल असा टाकला. मागच्या फलकावर नाव, हुद्दा, तारीख. खाली कुणीतरी विचारलं, "पेन्शन कुठल्या बँकेत घेताय?" मामांनी शाखेसकट उत्तर दिलं. नोव्हेंबरात फोन आला, "साहेब, तुमचा हयातीचा दाखला जमा झालेला नाही, पुढची पेन्शन अडकेल." बोलणाऱ्याने मामांचं नाव, हुद्दा, निवृत्तीची तारीख आणि बँकेची शाखा घडाघडा सांगितली. मामा नंतर म्हणाले, "एवढं माहीत असलेला माणूस ऑफिसचाच असणार असं वाटलं गं." त्यांनी ओटीपी सांगितला आणि ४८ हजार गेले.

या सगळ्यात फोन करणाऱ्याने आधार नंबर विचारलाही नाही. तो त्याच्याकडे आधीच असेल, असं धरू. पण नुसत्या नंबरावर मामा फसले नसते. ते फसले विश्वासामुळे, आणि तो विश्वास बसला आमच्याच पोस्टवरून उचललेल्या चार ताज्या गोष्टींमुळे. जुनी माहिती फुटली ती फुटली. पण तुम्ही या महिन्यात कुठे आहात, कोणत्या कामाच्या गडबडीत आहात, हे त्या जुन्या यादीत नसतं. ते आपण रोज लिहितो. (हयातीचा दाखला कुठलंही कार्यालय फोनवर करून देत नाही. तो आपण स्वतः द्यायचा, बँकेत जाऊन किंवा 'जीवन प्रमाण' या सरकारी ऑनलाइन सेवेवर बोट नाहीतर चेहरा दाखवून. तुमच्या ओळखीतल्या पेन्शनरांना एवढं जरूर सांगा.)

आता कॉसमॉसचं. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव केला आणि बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढले. तो बँकेवरचा दरोडा होता, ठेवीदारांच्या खात्यांना त्यात हात लागला नव्हता. मामांच्या बाबतीत बँकेची यंत्रणा शाबूत होती आणि ओटीपी मामांनी दिला होता. या फरकाला नियमातही किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना आपली ना बँकेची, आणि आपण ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर शून्य बोजा. पण पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. हा नियम म्हाताऱ्या माणसाला जाचक आहे, याबाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. फसवणूक आणि निष्काळजीपणा एकाच मापात मोजणं मला पटत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितलं, विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, आणि अजून आपण सोसायटीच्या गेटवर, दुकानात, लॅबमध्ये मागेल त्याला नंबर देतोय. बँका आणि सरकार यांना जाब विचारायलाच हवा. पण जाब विचारून होईपर्यंत मामांची पेन्शन उघड्यावर ठेवायची का?

मामांनी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली म्हणून. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी कधीकधी अडवता येतात. दोन दिवसांनी हाती काहीच लागलं नाही. मामांना 'तुम्ही एवढे शिकलेले असून' असं म्हणणारे नातेवाईक त्या लाजेला जबाबदार आहेत, आणि माझा आधीचा लेख तुम्हाला त्याच सुरातला वाटला असेल तर मी मनापासून माफी मागते.

राहिले पासवर्ड. दहा पाठ करू नका. वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण ऑनलाइन चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. जपायचा तो ईमेलचा पासवर्ड, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचा पासवर्ड तिथूनच बदलता येतो. तो वेगळा आणि लांब ठेवा, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी) लावा, आणि तिथे जुना मोबाइल नंबर जोडलेला राहिलाय का ते बघा. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. व्हॉट्सअॅपलाही सहा आकडी पिन लावा, पाच मिनिटांचं काम आहे. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी झाकलेली प्रत द्या.

आणि नातीचा फोटो. टाका काका, जरूर टाका. फक्त केकवरचं पूर्ण नाव आणि वयाचा आकडा कापून, शाळेचा गणवेश नसलेला, आणि घरच्यांच्याच ग्रुपवर. तिच्या आईबाबांना आधी विचारा. बाहेरगावी साजरा करत असाल तर पुण्याला परत आल्यावर टाका. येत्या रविवारी ईमेलचं दोन टप्प्यांचं काम करायला बसलात आणि कुठे अडलात, तर इथेच खाली विचारा. फक्त नंबर किंवा ईमेल लिहू नका.