फुटपाथ केला की कोंडी वाढते? जरा टेप लावून बघू

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातोय: "बाजाररस्त्यावर फुटपाथ आणि सायकल ट्रॅक केले तर कोंडी वाढेल, पार्किंग जाईल, ब्लॉक वर्षभरात उखडतील. आणि ४५ डिग्रीत इथं चालणार कोण?"

आधी कोंडी. ती सिग्नलवर ठरते. हिरव्या दिव्यात एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक कार सुटते, म्हणजे ३० सेकंदांत पंधरा. मधला रस्ता कितीही रुंद केला तरी हा आकडा हलत नाही. १८ मीटरचा रस्ता घ्या. दोन्हीकडे अडीच-अडीच मीटर फुटपाथ, दोन-दोन मीटर सायकल ट्रॅक, सव्वातीन मीटरच्या दोन लेन. उरतात अडीच मीटर: झाडं, लोटगाड्या आणि दुचाक्यांसाठी. चौकाच्या ३० मीटर अलीकडे हा पट्टा संपवला की तिथं तीन-तीन मीटरच्या तीन लेन मिळतात, त्यातली एक वळणाऱ्यांना. जागा लागते ती तिथंच.

पार्किंगचं म्हणाल, तर एका कारच्या साडेबारा चौरस मीटरमध्ये सहा मोटारसायकली लागतात, आणि बाजारातलं बहुतेक गिऱ्हाईक दुचाकीवरच येतं.

ब्लॉक उखडतात, ही तक्रार मात्र खरी आहे. दोष फुटपाथचा नाही, खालच्या काळ्या मातीचा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर नुसती रेती पसरून ब्लॉक बसवले तर दुसऱ्या पावसाळ्यात ते वरखाली होणारच. किमान ३०० मिमी माती काढा, मुरूम १५०-१५० मिमीच्या थरांत पाणी मारून दाबा, वर खडीचा थर, मग ३० मिमी रेती आणि ६० मिमी जाडीचे ब्लॉक. दुकानात गाडी शिरते तिथं ८० मिमीचे. दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये रोवलेले कर्ब, म्हणजे कडेचे उभे दगड, हवेतच, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. पाण्याची लाइन आणि केबल आधी टाकून घ्या. रस्त्याखालून आडवे मोकळे पाइपही सोडा, म्हणजे पुढच्या जोडणीला खोदावं लागणार नाही.

फुटपाथची उंची १५० मिमीच्या वर नको, रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्थाही हेच सांगते. फूटभर उंच फुटपाथवर हातात पिशवी घेतलेली म्हातारी बाई चढतच नाही, रस्त्यानं चालते. मग "बघा, फुटपाथ कोणी वापरत नाही" म्हणायला आपण मोकळे! दुकानाच्या प्रवेशाजवळ फुटपाथ खाली उतरवू नका. उतार गाडीला द्या, माणसाला सपाट राहू द्या.

आणि ऊन? क्लासला जाणारी पोरं, भाजीवाल्या बाया आजही त्याच उन्हात, डांबरावरून चालतातच. त्यांना सावली द्या: सात-आठ मीटरवर कडुनिंब किंवा करंज, बुंध्याभोवती सव्वा मीटर चौरस माती उघडी. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं तर झाड वाढत नाही.

तरीही शंका असेल, तर काँक्रीटच्या आधी २०० मीटरवर ड्रम आणि चुन्याच्या रेषा टाकून दोन आठवडे हीच आखणी चालवा. सिग्नलवर एका हिरव्या दिव्यात सुटणाऱ्या गाड्या आधी मोजा आणि नंतरही, बाजाराच्या दिवशीसुद्धा.